आर्गिरी, हाजी अलेक्सिओस

आर्गिरी, हाजी अलेक्सिओस : (? – ५ ऑगस्ट १७७७). कोलकात्यातील ग्रीक व्यापारी, दुभाष्या आणि तेथील ग्रीक समाजाचा पहिला पुढारी. मूळचा ऑटोमन साम्राज्यातील फिलिपोपोलिसचा (आजचे बल्गेरियातील प्लोवदिव्ह). ‘हाजी’ या उपपदावरून तो मुसलमान होता असे समजू नये. जेरूसलेमची यात्रा करून आलेल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसालाही ऑटोमन मुलखात हेच उपपद लावीत. बंगालमध्ये तो बहुधा १७५० च्या सुमारास आला.

त्याच्या नावाशी जोडलेली मुख्य कथा चर्चची आहे. १७७० मध्ये तो ‘अलेक्झांडर’ या जहाजावर दुभाष्या म्हणून तांबड्या समुद्रातील मोखा व जेद्दा बंदरांकडे निघाला. वाटेत तुफान झाले. जीव वाचला तर कोलकात्यात चर्च बांधीन, असा नवस त्याने केला, असे परंपरा सांगते. दुसऱ्या मताप्रमाणे चर्चची परवानगी हे त्याच्या कामगिरीचे बक्षीस होते. जेद्दाच्या उत्तरेला ख्रिस्ती जहाजांनी जाऊ नये असा ऑटोमन निर्बंध होता. सुएझपर्यंत इंग्रजांना व्यापार करू द्यावा म्हणून त्याने कैरोच्या बेंकडे (तेथील सत्ताधारी सरदारांकडे) रदबदली केली व ती फळाला आली, असे मानतात. वॉरन हेस्टिंग्ज आणि कैरो यांच्यातला करार १७७५ चा आहे, त्यामुळे हे श्रेय एकट्या आर्गिरीला देणे धाडसाचे ठरेल. तथापि दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत : नवसामुळे इच्छा झाली, कामगिरीमुळे परवानगी मिळाली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

चर्च उभे राहिलेले मात्र त्याला पाहता आले नाही. ढाक्यात त्याचे निधन झाले. ढाका-नारायणगंज भागात त्या काळी ग्रीक व्यापारी मिठाच्या व सिल्हेटच्या चुन्याच्या व्यापारात होते. वर्गणी गोळा होऊन, त्यात हेस्टिंग्जचेही २,००० रुपये होते असे सांगतात, आमरातला रस्त्यावरील चर्चचे अर्पण ६ ऑगस्ट १७८१ रोजी झाले. ऑर्थोडॉक्स पंचांगात हा येशूच्या रूपांतराचा सण, आणि चर्चही त्यालाच अर्पण केलेले आहे. तेथील पहिले धर्मगुरू पार्थेनिओ. कोलकात्याच्या सेंट जॉन्स चर्चसाठी योहान झोफानीने काढलेल्या ‘अखेरचे भोजन’ या चित्रात येशूचा चेहरा याच पार्थेनिओंवरून घेतला, असे म्हणतात. परदेशात येऊन रुजलेल्या एवढ्याशा समाजाचा चेहरा अशा जागी टिकून राहावा, याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

आर्गिरीच्या वंशजांनी पुढे ‘पानियोटी’ हे आडनाव लावले. रॅली ब्रदर्स ही ग्रीक व्यापारी पेढी १८५१ मध्ये कोलकात्यात व १८६१ मध्ये मुंबईत आली, तेव्हा बंगालमधील ग्रीक वस्ती शंभर वर्षांची झाली होती. जुने चर्च पुढे विकले गेले. १९२४-२५ मध्ये काळीघाटच्या ट्राम डेपोजवळ लायब्ररी रोडवर नवे बांधले. दर्शनी भागात डोरिक पद्धतीचे खांब असलेली ही वास्तू आजही उभी आहे.