ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दोषनिदान (जुन्या मोटारी)

चालकाने क्लच न दाबता वेग आणि भार पाहून गिअर आपोआप बदलणाऱ्या पेटीतील बिघाड शोधण्याची पद्धत. ही नोंद टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून पेटीकडे पोचवणारा भाग) आणि तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या क्लच प्लेटा असलेल्या पेटीबद्दल आहे. जुनी करोला, होंडा सिटीची बिगर-सीव्हीटी ऑटोमॅटिक (सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेली, पट्टा आणि पुलीवर चालणारी पेटी), ह्युंदाई आय-१० अशा गाड्यांत ती सापडते. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर स्वस्त गाड्यांत आलेली एएमटी ही मुळात साधी मॅन्युअल पेटी असते, फक्त तिचा क्लच आणि गिअर यंत्रणा हलवते. बोलताना तिलाही 'ऑटोमॅटिक'च म्हणतात, म्हणून गाडीत कोणती पेटी आहे हे आधी पक्के करावे.

निदान स्वस्त तपासणीकडून महागड्या तपासणीकडे न्यावे. पेटी उतरवणे हे अगदी शेवटचे काम. तेल कमी, वायर सैल किंवा इंजिन माउंट (इंजिनला धरून ठेवणारा रबरी आधार) तुटलेले, एवढ्यावर पेट्या उघडल्या जातात, आणि एकदा उघडलेली पेटी पूर्वीसारखी बसेलच असे नाही.

तेल : एटीएफ (ऑटोमॅटिक पेटीचे तेल) हे नुसते वंगण नव्हे. क्लच आवळणारा दाब तेच देते आणि उष्णताही तेच वाहून नेते. तपासणीआधी गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून सपाट जागी लावावी, ब्रेक दाबून लीव्हर सगळ्या जागांवरून फिरवून 'पी'त (पार्क) आणावा आणि इंजिन चालू ठेवूनच ऑइल काडी पाहावी. होंडात मात्र इंजिन बंद करून साधारण दीड मिनिटाच्या आत पाहायचे असते. हा फरक न कळल्याने जास्त तेल भरले जाते, त्याला फेस येतो आणि फेसातून दाब तयार होत नाही. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, आणि वळणावर किंवा चढावर गिअर सुटल्यासारखा वाटतो.

ताजे तेल लाल असते. तपकिरी झालेले तेल केवळ जुने असू शकते. पण काळपट होऊन करपल्याचा वास आला तर क्लच प्लेटा जळू लागल्या आहेत. गुलाबी दुधाळ रंग म्हणजे रेडिएटरमधील तेलाचा कूलर आतून फुटून कूलंट पेटीत शिरले आहे. अशी गाडी लगेच बंद करावी, कारण पाण्याने प्लेटांचे अस्तर सुटते. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी भरण्याची सवय या बिघाडाला आमंत्रण देते. कूलर गंजतो, आत क्षार धरतो आणि कधी ना कधी फुटतो.

उष्णता : सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. गड्ड्याच्या यात्रेतील मुंगीच्या चालीची गर्दी किंवा तुळजापूरच्या अलीकडचा घाट, दोन्हींत कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तेल तापते. म्हणून दोष थंड गाडीत दिसतो की तापल्यावर, हे नोंदवणे निदानात सर्वांत मोलाचे ठरते. सकाळी 'डी' (ड्राइव्ह) टाकल्यावर गाडी उशिरा उचलते आणि नंतर ठीक चालते, तर रबरी सील कडक झाली आहेत. सकाळी ठीक आणि घाटात घसरते, तर पातळ झालेले तेल झिजलेल्या सीलमधून गळून दाब पडतो. घाटात लीव्हर '२' वर ठेवला तर पेटी गिअरांत गोंधळत नाही आणि कमी तापते.

चालवून पाहणे : 'एन'मधून (न्यूट्रल) 'डी'त टाकल्यापासून धक्का जाणवेपर्यंत साधारण १.२ सेकंद आणि 'आर'साठी (रिव्हर्स) १.५ सेकंद लागावेत. जास्त लागले तर दाब कमी. धक्का जोराचा असेल तर पेटीला दोष देण्याआधी बोनेट उघडून माउंट पाहावे. ५० ते ७० च्या वेगात, ॲक्सिलरेटर हलका असताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर झाली तर ब्रेक पेडलला किंचित स्पर्श करावा. थरथर लगेच थांबली तर दोष कन्व्हर्टरच्या लॉक-अपकडे (कन्व्हर्टरचे भाग थेट जोडून घसरण थांबवणारा क्लच; ब्रेकला स्पर्श होताच तो सुटतो), न थांबली तर इंजिनचे स्पार्क प्लग, कॉइल तपासावे.

स्टॉल टेस्ट, म्हणजे गाडी रोखून धरून इंजिनचा आरपीएम कुठवर चढतो ते पाहणे, जपून करावी. चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून आणि पायब्रेक दाबून 'डी'त पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा, पण पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. आरपीएम गाडीच्या पुस्तकातील आकड्यापेक्षा फार चढला तर क्लच घसरतो. कमी राहिला तर इंजिनच अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरमधील स्टेटरचा (तेलाची दिशा वळवणारे चाक) एकतर्फी क्लच गेला आहे. तेल करपलेले असेल तर ही चाचणी करूच नये.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि होंडात 'डी'चा दिवा लुकलुकू लागला, तर संगणकाने बचावाची चाल धरली आहे. स्कॅनरवरचा (गाडीच्या संगणकातील दोष वाचणारे यंत्र) पी०७०० कोड फक्त 'पेटीत दोष नोंदला आहे' एवढेच सांगतो. खरा दोष सोबतच्या दुसऱ्या कोडात असतो. पी०७४१ लॉक-अपचा, पी०७३० गिअरच्या चुकीच्या प्रमाणाचा. सोलेनॉइड (तेलाची वाट उघड-बंद करणारी विजेची झडप) बदलण्याआधी बॅटरीचे व्होल्टेज, अर्थिंग आणि वायरच्या जोडणीतील गंज पाहावा. पुष्कळ जुन्या पेट्यांत चालू-बंद सोलेनॉइडचा रोध ११ ते १५ ओहमच्या आसपास येतो.

तळाचा पॅन काढल्यावर चुंबकावर करडी बारीक पेस्ट असणे नेहमीचेच. चकाकणारे तुकडे किंवा पितळी कीस दिसला तर मात्र पेटी उघडावीच लागते. पॅनमधून एका वेळी तीन-चार लिटरच तेल निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या पेटीत मशिनने फ्लश करण्यापेक्षा हजार-हजार किलोमीटरने दोन-तीनदा काढून भरणे बरे. तेलाची जात कंपनीने सांगितलेलीच हवी. जळालेली प्लेट मात्र नव्या तेलाने बरी होत नाही.

बंद पडलेली ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही, कारण तेलाचा पंप इंजिनवर फिरतो. त्याच कारणाने पुढच्या चाकांवर चालणारी गाडी गॅरेजला नेताना पुढची चाके उचलून न्यावी. जमिनीवर ठेवून ओढली तर वंगणाशिवाय फिरणारी पेटी वाटेतच खराब होते.