भारतात न मिळणारे कॅन्सरचे औषध स्वतःसाठी मागवायचे तर: फॉर्म १२ए ते कस्टम

मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतून उद्भवणारा रक्ताचा कॅन्सर) उलटला की डॉक्टर बहुधा कारफिल्झोमिब, पोमालिडोमाइड, डाराटुमुमॅब अशा औषधांकडे वळतात. ही इथे मिळतात. पोमालिडोमाइड तर भारतीय कंपन्याही बनवतात. त्यांचाही गुण येईनासा झाला आणि डॉक्टरांनी इथे न मिळणारे औषध लिहून दिले, तरच पुढच्या खटपटीला लागा.

औषधे नियम, १९४५ मधल्या नियम ३६ खाली रुग्णाला स्वतःपुरते औषध मागवता येते. अर्ज फॉर्म १२ए मध्ये, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या सुगम पोर्टलवर करायचा. मंजुरी मिळाली की फॉर्म १२बी मध्ये परवाना येतो. सोबत नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन, निदानाचे व आधीच्या उपचारांचे कागद आणि रुग्णाचे ओळखपत्र जोडा.

अर्ज अडतो तो बहुधा प्रिस्क्रिप्शनपाशी. नुसते ‘तीन सायकल’ (औषधाच्या तीन फेऱ्या) लिहून भागत नाही. २८ दिवसांच्या सायकलमध्ये २१ दिवस रोज एक कॅप्सूल असेल, तर ‘६३ कॅप्सूल’ असा आकडा, मिलिग्रॅम आणि औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव स्पष्ट हवे. दुसरी गोम नावाची: फाइलवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. प्रिस्क्रिप्शन, परवाना, बिल आणि पार्सल, चारही ठिकाणी एकच नाव ठेवा.

‘पुतण्या अमेरिकेहून येतोच आहे, बॅगेत आणेल’ हा मार्ग धरू नका. सामानातून परवान्याशिवाय आणायची मुभा प्रवाशाला फक्त स्वतःच्या औषधासाठी आहे, तीही एका औषधाच्या १०० सरासरी मात्रांपर्यंत. काकांचे औषध त्यात बसत नाही.

सरकारी रुग्णालयात उपचार चालू असतील तर रुग्णालयालाच फॉर्म सीटी-२४ भरून औषध मागवता येते. ही वाट आधी विचारून पाहा.

जीवरक्षक औषधावर सीमाशुल्काची सवलत घ्यायची तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांचे प्रमाणपत्र लागते. ते आणि १२बी हातात आल्याशिवाय पार्सल निघू देऊ नका. बरीचशी अँटीबॉडी इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागतात. कागदासाठी खोका कस्टमच्या गोदामात अडकला तर लाखाचे औषध वाया जाते. पाठवणाऱ्याला खोक्यात तापमान नोंदणारे यंत्र ठेवायला सांगा आणि इंजेक्शन देण्याआधी ती नोंद डॉक्टरांना दाखवा.