पीपी२ए, पीपी२सी आणि नावांचा गुंता

एप्रिलमध्ये नागपुरात कांद्याच्या मुळाची स्लाइड करायला घेतली की कव्हरस्लिपच्या कडेने अ‍ॅसिटोकार्माइन हे रंजक बघता बघता सुकते. मुले घाईने अ‍ॅनाफेज (गुणसूत्रे दोन टोकांकडे खेचली जाण्याची अवस्था) शोधतात आणि विभाजनाचे सगळे श्रेय सीडीके१ या काइनेजला, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या विकराला, देऊन मोकळी होतात. सीडीके१ आणि तिच्या साथीदार काइनेजांनी प्रथिनांवर चढवलेले फॉस्फेट उतरवल्याशिवाय पेशी विभाजनातून बाहेर पडत नाही, हे वहीत येतच नाही.

फॉस्फेट उतरवणारे विकर म्हणजे फॉस्फेटेज. ते मुळात सापडले ते ग्लायकोजनच्या, म्हणजे शरीरातल्या साठवणीच्या साखरेच्या, अभ्यासात. १९४० च्या दशकात स्नायूंतल्या एका विकराला 'पीआर एन्झाइम' म्हटले गेले. ते फॉस्फेट काढते हे पुढच्या दशकात उमगले.

खरा घोळ प्रोटीन फॉस्फेटेजांच्या (पीपी) १९८३ च्या वर्गीकरणाने झाला. फॉस्फोरिलेज काइनेज या ग्लायकोजन तोडण्याशी संबंधित विकराच्या बीटा घटकावरचा फॉस्फेट काढणे पसंत करणारे टाइप १ (पीपी१), अल्फा पसंत करणारे टाइप २ (पीपी२). मग टाइप २ चे धातूंच्या गरजेवरून तीन भाग: २ए ला काही लागत नाही, २बी ला कॅल्शियम, २सी ला मॅग्नेशियम. त्या काळी हातात शुद्ध केलेली विकरेच होती, म्हणून ही सोय समजण्यासारखी आहे. पण जनुकांचे क्रम आले तेव्हा २ए आणि २बी हे टाइप १ चेच भाऊबंद निघाले, २सी मात्र पूर्ण परक्या घराण्यातले. नावे तेव्हाच बदलायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते. शिवाय पीपी२ए हे एकच विकर नव्हे. उत्प्रेरक घटक आणि सांगाडा तेच राहतात, तिसरा घटक बी५५ की बी५६ यावर काम ठरते. ४००हून अधिक सेरीन-थ्रिओनिन काइनेजांना जेमतेम ४० फॉस्फेटेज कसे पुरतात, याचे उत्तर अशा बदलत्या घटकांत आहे.

पेशीचक्राशी थेट नाते १९८९ मध्ये जुळले. बुरशी आणि यीस्टच्या ज्या म्युटंटमध्ये विभाजन अडकत होते, त्यांतले बिघडलेले जनुक पीपी१ चे निघाले. १९९१ मध्ये सीडीसी२५ हे प्रथिनही फॉस्फेटेजच ठरले. ते तर सीडीके१ वरचा फॉस्फेट काढून विभाजन सुरू करते! फॉस्फेटेज म्हणजे 'बंद करणारे' ही समजूत तिथेच मोडली.

२०१० मध्ये बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात पुढचा दुवा मिळाला: ग्रेटवॉल काइनेज दोन छोट्या प्रथिनांना फॉस्फेट लावते आणि ती विभाजनभर पीपी२ए-बी५५ ला अडवून धरतात. पावाच्या यीस्टमध्ये विभाजनातून बाहेर पडण्याचा मुख्य भार सीडीसी१४ या फॉस्फेटेजवर असतो; अ‍ॅनाफेजपर्यंत ते केंद्रकातल्या केंद्रिकेत कोंडलेले असते. माणसात सीडीसी१४ ची जनुके आहेत, पण ती काढली तरी पेशी विभाजनातून बाहेर पडते. तिथे भिस्त पीपी२ए-बी५५ आणि पीपी१ वर. आमच्या वर्गांत मात्र यीस्टचीच आकृती अजून माणसाची म्हणून फळ्यावर काढली जाते.