खोट्या कॉइलने किती बरे झाले?

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ घेऊनही नैराश्य हटत नसेल, तर डॉक्टर ते 'उपचारांना दाद न देणारं' मानतात. डोक्याला कॉइल (तारेचं वेटोळं) लावून मेंदूला चुंबकीय ठोके देण्याच्या उपचाराला, म्हणजे टीएमएसला, अमेरिकेत 2008 साली नैराश्यासाठी मान्यता मिळाली. तेव्हापासून बातम्या येतात त्या एकाच आकड्याच्या: इतक्या टक्के लोकांना गुण आला. मी आधी दुसरा आकडा शोधतो. खोटा उपचार मिळालेल्यांपैकी किती जणांना गुण आला?

हा खोटा उपचार वठवणं सोपं नाही. खरी कॉइल टकटक आवाज करते, टाळूवर कुणी टिचक्या मारतंय असं वाटतं. नुसती बंद कॉइल लावली तर पेशंटला लगेच कळेल. म्हणून 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत नकली कॉइलमध्ये धातूचा अडसर बसवला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मेंदूपर्यंत जाणार नाही. टिचक्यांची नक्कल करायला त्वचेवरच्या इलेक्ट्रोडमधून हलकासा करंट सोडला. 190 पेशंट होते. खऱ्या कॉइलने 14.1 टक्के नैराश्यातून बाहेर आले, खोट्या कॉइलने 5.1 टक्के. फरक खरा आहे. पण खरी कॉइल लावूनही सातांत एकच.

2018 ची चाचणी तर आणखी बोलकी. 164 माजी सैनिकांपैकी खऱ्या गटातले 41 टक्के बरे झाले, खोट्या गटातले 37. नुसता 41 छापला असता तर केवढा गाजावाजा झाला असता! रोज कुणीतरी आस्थेने विचारपूस करतं, आशा वाटू लागते, शिवाय माणूस बहुधा अगदी खचलेला असतानाच चाचणीत येतो आणि काही जण काळाबरोबर सावरतातच. हे सगळं खोट्या गटातही घडतं.

मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची गोष्ट याहून अवघड. 2005 साली मेंदूविकारतज्ज्ञ हेलन मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी 6 पेशंटांवर तो प्रयोग केला, चौघांत ठळक सुधारणा दिसली. तुलनेला गट नव्हता. पुढे 90 जणांची चाचणी झाली. शस्त्रक्रिया सगळ्यांची केली, करंट मात्र काहींचा बंद ठेवला. सहा महिन्यांनी करंट सुरू असलेल्यांपैकी 20 टक्के सुधारले, बंद असलेल्यांपैकी 17. दोन वर्षांनी जवळपास निम्मे सुधारलेले दिसले, पण तोवर सगळ्यांचाच करंट सुरू केलेला होता.