हेलेनियम : बहुवर्षायू बागेतील लागवड

सूर्यफुलाच्या कुलातील (ॲस्टरेसी) एक प्रजाती व तिच्यापासून तयार केलेल्या बागायती वाणांचा समूह. उत्तर यूरोप आणि उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत पिवळ्या, नारिंगी, तांबूस-तपकिरी व गडद लाल रंगांचा बहर मिळवण्यासाठी ही लावतात. त्या भागात पिओनी, आयरिस, डेल्फिनियम यांची फुले जुलैच्या मध्यापर्यंत आटोपतात, तर शरदातील ॲस्टर सप्टेंबरात फुलू लागतात. मधले सहा-सात आठवडे वाफे निस्तेज दिसतात. ही उणीव भरून काढणाऱ्या वनस्पतींत हेलेनियमचे स्थान वरचे आहे, पण एका अटीवर : तिला पाणी कमी पडता कामा नये.

प्रजातीत सुमारे ४० जाती असून सर्व अमेरिका खंडांतील आहेत. बागेतील बहुतेक वाणांचे मूळ हेलेनियम ऑटम्नेल या जातीत आहे. ही उत्तर अमेरिकेत ओढ्याकाठी, ओलसर कुरणांत व पाणथळ जागी वाढते. संकरात पश्चिम किनाऱ्यावरील हे. (हेलेनियम) बिगेलोवाय आणि जांभळट-तपकिरी बिंबाची (फुलाच्या मधल्या भागाची) हे. फ्लेक्सुओसम यांचाही वाटा आहे. हे. अमारम ही अरुंद पानांची वर्षायू जात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात चराऊ रानातले तण मानली जाते. ती खाल्लेल्या गाईंचे दूध कडू होते. पूर्वी याच प्रजातीत धरलेली रॉकी पर्वतातील हुपेसाय ही जात आता हायमेनॉक्सिस या प्रजातीत गणतात. फुलांच्या हारांसाठी महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पिकणारा गलांडा (गेलार्डिया) हेलेनियमचा जवळचा नातलग आहे. मात्र पाण्याच्या बाबतीत दोघे परस्परविरुद्ध आहेत. गलांडा कोरड, हलकी जमीन सोसतो आणि ओलीत सडतो. हेलेनियमचे याच्या नेमके उलट आहे.

वर्णन : खोड ताठ, ६० सेंमी. ते १·५ मी. उंच, वरच्या भागात फांद्या फुटणारे. पाने एकाआड एक, भाल्यासारखी. त्यांचा तळ खोडावर खाली उतरत गेल्याने खोडाला पंखासारख्या कडा येतात. स्तबक फुलोरा (अनेक लहान पुष्पकांचा, पण एकच फूल भासणारा) ३ ते ६ सेंमी. व्यासाचा. कडेच्या, पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या किरण-पुष्पकांच्या टोकाला तीन दाते असतात, आणि फूल जुने होईल तशी ती खाली झुकतात. मधले बिंब घुमटाकार असून त्यातील पुष्पके खालून वर उमलत जातात, त्यामुळे परागाचे पिवळे कडे रोज थोडे वर सरकताना दिसते. फुलांवर मधमाश्या, भुंगे व फुलपाखरे मोठ्या संख्येने येतात.

बागकामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट जमिनीलगत घडते. फुललेले खोड हंगामाच्या शेवटी आपल्या मुळांसह मरते. त्याच्या बुडाशी पानांचे छोटे गुच्छ तयार झालेले असतात व त्यांना स्वतःची मुळे असतात. हिवाळा हेच काढतात आणि पुढच्या वर्षीची खोडे यांतूनच येतात. म्हणजे एकाच जागी वर्षानुवर्षे दिसणारा ठोंब खरे तर दरवर्षी नव्या रोपांनी बनतो. हे ध्यानात घेतले, की ठोंब मधून पोकळ का होतो, विभागणी इतकी सोपी का आणि वसंतातील गोगलगाई इतक्या घातक का, या सर्वांचा उलगडा होतो.

जागा व जमीन : दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागते. सावलीत खोडे लांबतात, लवतात व फुले विरळ येतात. भारी, चिकणमातीयुक्त, सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेली व ओल धरणारी जमीन उत्तम. सामू ५·५ ते ७ चालतो. उन्हाळ्यात ओल हवी, पण हिवाळ्यात पाणी साचून राहिले तर गुच्छांची मुळे कुजतात. म्हणून अतिभारी जमिनीत वाफा १० ते १५ सेंमी. उंच करतात. थंडी ही अडचण नाही : हे. ऑटम्नेल सुमारे −३०° से. पर्यंत तग धरते.

रोपविक्रेते हिला एकिनेशिया व रुडबेकियाबरोबर ‘प्रेअरीतील (उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील) काटक फुले’ म्हणून एकाच रांगेत ठेवतात. ही जोडणी दिशाभूल करणारी आहे. एकिनेशियाच्या अनेक जातींचे सोटमूळ खोलवर जाते. हेलेनियमची तंतुमुळे वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे आठ-दहा कोरड्या दिवसांतच खालची पाने तपकिरी पडू लागतात.

लागवड : भारी व थंड जमिनीत एप्रिल-मेमध्ये, इतरत्र सप्टेंबरातही लावता येते. मातीवर ५ सेंमी. जाड कुजलेले कंपोस्ट किंवा शेणखत (दर चौ.मी.ला सुमारे ५० लिटर) पसरून कुदळीने वरच्या २० ते २५ सेंमी. थरात मिसळतात. दोन रोपांत ४५ सेंमी., उंच वाणांत ६० सेंमी. अंतर ठेवतात. ४५ सेंमी. अंतराने दर चौ.मी.ला चार-पाच रोपे बसतात. गुच्छाचा गाभा मातीच्या पातळीला यावा. खोल पुरल्यास तो कुजतो. एकटे रोप वाफ्यात उठून दिसत नाही, म्हणून एका वाणाची निदान तीन रोपे एकत्र लावावीत.

पाणी आठवड्याला २·५ सेंमी., म्हणजे दर चौ.मी.ला २५ लिटर, आणि तेही शक्यतो एकदाच खोलवर द्यावे. रेताड जमिनीत दोन हप्त्यांत. जूनच्या सुरुवातीपासून कळ्या धरेपर्यंतचा काळ निर्णायक असतो. त्या वेळी ताण बसला तर ऑगस्टमध्ये कितीही पाणी घातले तरी खोडे बुटकी व फुले लहानच राहतात. पाणी बुंध्याशी घालावे, पानांवर फवारू नये. मे महिन्यात माती ओली असताना ५ सेंमी. आच्छादन घालतात, मात्र गुच्छांभोवतीची १० सेंमी. जागा मोकळी ठेवतात. वसंतातील कंपोस्टखेरीज वेगळे खत सहसा लागत नाही. नत्र जास्त झाले, की खोड मऊ होऊन पहिल्या वादळी पावसात आडवे पडते, आणि दोष मात्र वाणाला दिला जातो.

आधार व छाटणी : ९० सेंमी.हून उंच वाणांना आधार लागतो. तो रोपे ३० सेंमी. असतानाच द्यावा : डहाळ्या खोचून किंवा तारेची कडी बसवून, म्हणजे खोडे त्यातून वाढत जाऊन आधार झाकून टाकतात. पडलेल्या खोडांना मागाहून एकत्र बांधले, की सगळा झुपका मोळीसारखा दिसतो.

आधार टाळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे मेअखेरची छाटणी. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास करतात म्हणून तिला ‘चेल्सी चॉप’ म्हणतात. खोडे ३० ते ४० सेंमी. झाली, की वरचा एक-तृतीयांश ते निम्मा भाग पानाच्या बगलेच्या लगेच वर कापतात. बगलेतून दोन-चार फांद्या फुटतात, रोप बुटके व दाट होते, फुले थोडी लहान पण संख्येने जास्त येतात आणि बहर दोन-तीन आठवडे उशिरा येतो. ठोंबाची फक्त पुढची खोडे कापली, तर मागची आधी व पुढची नंतर फुलून एकाच ठोंबाचा बहर महिनाभर वाढतो. ही पद्धत सरसकट कापण्यापेक्षा चांगली. कोरड्या पडलेल्या किंवा नुकत्याच विभागलेल्या रोपांना ही छाटणी करू नये. जिथे सप्टेंबरातच हिमतुषार पडतो तिथे उशिरा फुलणाऱ्या वाणांवरही ती नको, कारण उशिरा आलेल्या कळ्या गोठून जातात.

सुकलेली फुले खालच्या फांदीपर्यंत खुडत राहिल्यास लवकर फुलणारे वाण ऑक्टोबरपर्यंत चालतात. सप्टेंबरनंतर मात्र खुडणे थांबवावे. काळपट गोल बिंबे हिवाळाभर टिकतात. खोडे फेब्रुवारीअखेर ५ ते १० सेंमी. ठेवून कापतात, त्यापेक्षा उशीर केला तर कात्री नव्या गुच्छांना लागते.

विभागणी : दर दोन-तीन वर्षांनी, नवे फुटवे ५ ते १० सेंमी. झाल्यावर (मार्चअखेर ते एप्रिल) करावी. ठोंब फावड्याने उचलून माती झटकली, की गुच्छ हातानेच सुटे होतात. मधला लाकडी, मेलेला भाग टाकून द्यावा. तीन ते पाच गुच्छांचा एकेक तुकडा नव्या खतवलेल्या जागी लावतात. एकटा गुच्छही ९ सेंमी.च्या कुंडीत धरतो व बऱ्याचदा त्याच वर्षी फुलतो. विभागणी टाळलेल्या ठोंबात चौथ्या-पाचव्या वर्षी बाहेरच्या कडेला बारीक, गर्दी झालेले गुच्छ आणि मध्ये मोकळी जागा उरते. ‘जुने हेलेनियम आपोआप नाहीसे झाले’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

एप्रिलमध्ये ७-८ सेंमी.चे फुटवे बुडाशी कापून छाट कलमेही करतात. नाव असलेले वाण बियांपासून जसेच्या तसे येत नाहीत. ‘हेलेना’सारखी मालिका मात्र बियांसाठीच तयार केलेली आहे. बी बारीक असते व रुजण्यास उजेड लागतो; ते ओल्या मिश्रणावर पसरून झाकू नये, २०° से.ला साधारण दोन आठवड्यांत उगवते.

वाण : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू जर्सीतील रिव्हर्टन येथून ‘रिव्हर्टन ब्यूटी’ व ‘रिव्हर्टन जेम’ प्रसारात आले. (न्यू जर्सीत हे. ऑटम्नेल रानातही आढळते, त्यामुळे तिथल्या मराठी बागप्रेमींना हवामान जुळवण्याची खटपट करावी लागत नाही.) वाणनिर्मितीचा खरा बहर मात्र यूरोपात आला. नेदरलँड्समधील डेडेम्सफार्ट येथील मूरहाइम रोपवाटिकेतून १९३० मध्ये ‘मूरहाइम ब्यूटी’ आला. ९० सेंमी. उंचीचा, विटकरी-तांबड्या फुलांचा हा वाण आजही मोठ्या प्रमाणावर लावला जातो. त्याची फुले जुनी होताना तपकिरी-नारिंगी होतात. कोणाला ही छटा आवडते, कोणाला मळकी वाटते. जर्मनीत पॉट्सडॅमजवळच्या बोर्निम येथे कार्ल फर्स्टर (१८७४–१९७०) यांनी ‘त्सिम्बेलश्टेर्न’, ‘कोनिग्सटीगर’ असे अनेक वाण निवडले. इंग्लंडमध्ये नॉरफकमधील ब्रेसिंगहॅम येथे ॲलन ब्लूम (१९०६–२००५) यांनी ‘बटरपॅट’, ‘ब्रूनो’, ‘कोपेलिया’ हे वाण दिले. कोणत्याही बाजूने पाहता येतील अशा बेटासारख्या वाफ्यांना साजतील म्हणून आटोपशीर रोपांवर त्यांचा भर होता.

नवशिक्याने एकच वाण घ्यायचा तर ‘साहिन्स अर्ली फ्लॉवरर’ घ्यावा. जूनअखेर-जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तो फुलतो, उंची ९० सेंमी.च्या आसपास राहते, आणि प्रत्येक फुलावर पिवळ्या व नारिंगीचे पट्टे निराळे असतात. त्याला मेमध्ये छाटू नये. लवकर येणे हाच त्याचा गुण आहे. ‘रूबिनझ्वेर्ग’ (७५ ते ८० सेंमी., गडद लाल) पुढच्या ओळीजवळ चालतो. शुद्ध पिवळा हवा असेल तर ‘बटरपॅट’. ‘राउखटोपास’ दीड मीटरपर्यंत जातो. त्याच्या पाकळ्यांची कड वर वळून खालचा तपकिरी रंग दिसतो. ‘साहिन्स’, नंतर ‘मूरहाइम ब्यूटी’, शेवटी ‘बटरपॅट’ अशी साखळी लावल्यास जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत खंड पडत नाही.

वाफ्यातील जागा मधली किंवा मागची. बहराच्या वेळी खोडाचा खालचा तिसरा हिस्सा, पाणी नीट दिले तरी, थोडाफार उघडा पडतोच. पुढे ४० ते ५० सेंमी.ची जिरॅनियम किंवा सेडम लावून तो झाकतात. जोडीला कॅलमॅग्रोस्टिस ‘कार्ल फर्स्टर’, मिस्कँथस यांसारखी गवते, जांभळी व्हर्बेना बोनारिएन्सिस, पर्सिकेरिया व निळे ॲस्टर शोभतात. लाल हेलेनियम लाल क्रोकॉस्मियाशेजारी लावले, तर दोन्ही एकमेकांत विरतात; मध्ये निळे-जांभळे काहीतरी हवे.

रोग व कीड : पहिला शत्रू गोगलगाई. मार्चमध्ये गुच्छ जमिनीला चिकटलेले असताना त्या रात्रीत सगळे कोंब खाऊन टाकतात, आणि रोप थंडीने मेले असा समज होतो. रात्री बॅटरीच्या उजेडात वेचणे, फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या पातळ विखुरणे किंवा माती ५° से.च्या वर गेल्यावर गोगलगाईंना मारणारे परजीवी सूत्रकृमी (सूक्ष्म कृमी) सोडणे हे उपाय आहेत. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर ग्रेट ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२ पासून बंदी आहे.

भुरी ही बहुधा तहानेची खूण असते : मुळे कोरडी व हवा दमट असली, की पानांवर पांढरी भुकटी येते. पानांतील सूत्रकृमींचा प्रादुर्भाव ओळखायला अवघड, कारण कोरडीप्रमाणेच यातही पाने खालून वर तपकिरी होत जातात. फरक शिरांवरून कळतो : कोरडीत पान टोकाकडून सरसकट वाळते, तर सूत्रकृमींचे डाग शिरांमध्ये अडकून पाचरीसारखे दिसतात. सूत्रकृमी पानांवरील ओलीतून वर चढतात, म्हणूनही वरून पाणी देऊ नये. बाधित ठोंब काढून नष्ट करावा व त्याची विभागणी करू नये. उत्तर अमेरिकेत तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या ॲस्टर यलोज रोगात फुलांच्या जागी हिरवे, विकृत पानांचे झुबके येतात. यावर औषध नाही. रोप मुळासकट उपटावे. हरणे कडवटपणामुळे हेलेनियमला सहसा तोंड लावत नाहीत.

महाराष्ट्रातील मैदानी भागात ही बहुवर्षायू म्हणून टिकवणे व्यवहार्य नाही. विश्रांतीसाठी लागणारा कडक हिवाळा तिथे नाही, आणि फुलण्यासाठी हिला मोठा दिवस लागतो. पुण्यात सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. तेच रंग हवे असतील तर गलांडा लावावा.

विषारीपणा : सर्व भागांत, विशेषतः फुलांत, हेलेनॅलिनसारखी सेस्क्विटर्पीन लॅक्टोन गटातील विषारी संयुगे असतात. आर्निका या औषधी वनस्पतीतही हेलेनॅलिन आढळते. गुरे-मेंढ्यांना विषबाधा होते. उत्तर अमेरिकेतील मेनोमिनी व मेस्क्वाकी या आदिवासी जमातींचे लोक वाळलेल्या फुलांची पूड सर्दीवर तपकिरीसारखी ओढत, त्यावरूनच ‘स्नीझवीड’ (शिंकेचे तण) असे तिचे इंग्रजी नाव पडले. पराग मात्र जड व चिकट असून कीटकांकडूनच वाहिला जातो, त्यामुळे हवेतून पसरून तो शिंका आणत नाही. ज्यांना गाजर गवताने अंगावर चट्टे उठतात त्यांनी विभागणी व छाटणी हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत करावी. गाजर गवतातील पार्थेनिन हे द्रव्य हेलेनॅलिनच्याच रासायनिक गटातले असून एकाची ॲलर्जी दुसऱ्यालाही लागू होऊ शकते. कापलेली खोडे गुरांच्या चाऱ्यात जाऊ देऊ नयेत.