दुपारच्या सिरीयली माणसांवर चालायच्या तेव्हा

माझी मावशी १९८६ मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. काका सकाळी सातला निघायचे ते संध्याकाळी सातला परत, गाडी एकच आणि ती काका नेणार, बाहेर बर्फ, शेजारी कोण राहतं माहीत नाही, नोकरी करायची परवानगी नाही. मग दुपारी दीडला टीव्हीवर ॲज द वर्ल्ड टर्न्स लागायची आणि तीनला गाइडिंग लाइट, आणि मावशी भाजी निवडत निवडत दोन्ही बघायची. तिचं बोलायचं इंग्रजी तिथूनच आलं. आजही ती त्या सिरीयलीतल्या माणसांबद्दल बोलते ते आपण जुन्या चाळीतल्या शेजाऱ्यांबद्दल बोलतो तसं, म्हणजे अमकीचं दुसरं लग्न टिकलं नाही पण सासू फार चांगली होती हो, असं.

तिच्यासारखे लाखो लोक अमेरिकेत आहेत जे आता जुने भाग शोधून शोधून बघतात आणि म्हणतात की आताच्या सिरीयलींत ती मजा नाही. वय झालं की सगळ्यांनाच जुनं गोड लागतं, हे खरंच. पण या बाबतीत मला वाटतं त्यांना जे आठवतंय ते अगदी ठोस आहे, ती लिहायची एक पद्धत होती, ती काही ठरावीक माणसांनी बनवली, काही ठरावीक कारणांमुळे टिकली आणि ती कारणं गेल्यावर गेली. ते सगळं कसं झालं तेच सांगते.

सुरुवात रेडिओवर, शिकागोत. अर्ना फिलिप्स नावाची एक शिक्षिका होती, तिने १९३० मध्ये डब्ल्यूजीएन स्टेशनसाठी पेंटेड ड्रीम्स लिहिली, एक विधवा आई, तिची मोठी होत चाललेली मुलगी आणि घर. पंधरा पंधरा मिनिटांचा रोजचा भाग, त्यात एक भूमिका फिलिप्स स्वतःच करायची. नंतर हक्कांवरून स्टेशनशी तिचं वाजलं, कोर्टात ती हरली, पण त्यातून एक गोष्ट शिकली की आपण लिहिलेलं आपल्या मालकीचं ठेवायचं. पुढे २५ जानेवारी १९३७ ला एनबीसी रेडिओवर तिची द गाइडिंग लाइट सुरू झाली. या कार्यक्रमांना पैसे देणाऱ्या कंपन्या बहुतेक साबण आणि धुण्याची पावडर विकणाऱ्या, प्रॉक्टर अँड गॅम्बलने तर १९३३ मध्येच ऑक्सीडॉल पावडरच्या नावाने मा पर्किन्स आणली होती. म्हणून सोप ऑपेरा हे नाव. दुपारी घरात असायची बाई आणि तीच साबण विकत घेणार, हिशोब एकदम सरळ होता.

आता यात व्यक्तिरेखांना एवढं महत्त्व कसं आलं ते बघा. ऐकणारी बाई एका जागी बसून ऐकत नाहीये, ती कपडे धुतेय, पोर रडतंय, मधेच दारावर कुणीतरी आलंय. म्हणजे कथानक भराभर पळवलं तर तिचा धागा तुटणार. त्यामुळे घटना कमी आणि तीच गोष्ट तीन जणांच्या तोंडून तीन तऱ्हेने, आईला काय वाटलं, जावेला काय वाटलं, ज्याच्यावर बेतलंय त्याला काय वाटलं. रेडिओवर दाखवायला काही नाही, आवाजच काय ते, मग माणूस बोलण्यातूनच ओळखू यायला हवा. फिलिप्स तर लिहायची नाहीच, खोलीत फिरत फिरत सगळ्यांचे संवाद त्या त्या आवाजात म्हणून दाखवायची आणि सेक्रेटरी उतरवून घ्यायची. म्हणूनच तिची माणसं कागदी वाटत नाहीत असं मला वाटतं, तोंडातून आलेली भाषा ती.

३० जून १९५२ ला गाइडिंग लाइट सीबीएस टीव्हीवर आली आणि पुढची चार वर्षं तोच भाग टीव्हीवर पण आणि रेडिओवर पण व्हायचा. तोवर टीव्हीवरचे सोपसुद्धा पंधरा मिनिटांचेच होते. फिलिप्सचं म्हणणं अर्धा तास हवा, आणि पैसे देणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलला खात्री नव्हती की घरकाम सोडून बाया अर्धा तास बसतील. शेवटी २ एप्रिल १९५६ ला ॲज द वर्ल्ड टर्न्स अर्ध्या तासाची सुरू झाली, त्याच दिवशी द एज ऑफ नाइट पण. पहिलं वाक्य काय होतं तर नॅन्सी ह्यूज सकाळी नवऱ्याला म्हणते, गुड मॉर्निंग, डिअर. बस. खून नाही, अपघात नाही, सकाळ झालीये आणि बायको नवऱ्याशी बोलतेय. ती नॅन्सी करणारी हेलन वॅग्नर, मधले काही काळ सोडले तर २०१० मध्ये ती वारली तोपर्यंत तीच भूमिका करत होती. ५४ वर्षं! प्रेक्षकांनी तिला तरुण आई, मग सासू, आजी, पणजी असं होताना पाहिलं आणि त्या काळात ते स्वतःही तसेच म्हातारे झाले. रोज दुपारी घरात येणारी ही बाई आपली कुणी नाही असं कसं वाटणार.

आणि हे सगळं थेट प्रक्षेपण, ही सिरीयल १९७५ पर्यंत लाइव्ह व्हायची. २२ नोव्हेंबर १९६३ ला दुपारी नॅन्सी स्वयंपाकघरात सासऱ्यांशी घरगुती काहीतरी बोलत होती आणि मधेच पडदा बदलून सीबीएसवर बातम्या देणाऱ्या वॉल्टर क्रॉन्काइटचा आवाज आला की अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्यात. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांना ती बातमी नॅन्सीच्या स्वयंपाकघरातूनच कळली.

आपल्याकडे गाण्यात घराणं असतं ना, तसं यांचं झालं. फिलिप्सच्या हाताखाली ॲग्नेस निक्सन आणि बिल बेल तयार झाले आणि पुढची तीसेक वर्षं दुपारच्या टीव्हीवर त्यांचाच सूर राहिला. निक्सनबद्दल थोडं जास्त सांगते कारण मला ती सगळ्यांत मोठी वाटते. १९६२ मध्ये गाइडिंग लाइट लिहिताना तिने बर्ट बाउअर या घरातल्या मुख्य बाईला गर्भाशयाचा कॅन्सर होतो असं दाखवलं. तेव्हा कॅन्सर आणि गर्भाशय हे शब्दच टीव्हीवर चालत नव्हते! स्पॉन्सर आणि चॅनल म्हणाले कथा करा पण हे शब्द वापरायचे नाहीत, तर तिने ते शब्द न वापरता पूर्ण कथा लिहिली, बर्ट तपासणी टाळत राहते, मग पॅप स्मिअर नावाची ती तपासणी करून घेते, वेळेत सापडतं आणि ती वाचते. ते बघून किती बायका डॉक्टरकडे गेल्या असतील. हे जमलं ते कशामुळे, तर बर्ट लोकांना दहा-बारा वर्षं माहीत होती. एखाद्या नव्या पात्राला आजार देऊन तो परिणाम आलाच नसता.

१९६८ मध्ये निक्सनने एबीसी चॅनलवर वन लाइफ टू लिव्ह आणली, त्यात कार्ला ग्रे नावाची बाई गोरी म्हणून वावरते आणि प्रेक्षकही तिला गोरीच समजतात, मग काही महिन्यांनी कळतं की ती कृष्णवर्णीय आहे आणि ज्या कृष्णवर्णीय बाईशी तिची ओळख आहे ती तिची आई आहे. आधी जीव लावायला लावला आणि मग विचारलं की आता काय वाटतं? १९७० मध्ये ऑल माय चिल्ड्रन, त्यातली एरिका केन, सुझन लुचीने केलेली, हट्टी, स्वार्थी, पण वडील लहानपणीच सोडून गेलेत त्यामुळे आतून रिकामी. १९७३ मध्ये एरिकाचा कायदेशीर गर्भपात दाखवला, अमेरिकेतल्या दुपारच्या टीव्हीवर पहिल्यांदाच. त्याच वर्षी बिल बेल आणि त्याची बायको ली फिलिप बेल यांनी द यंग अँड द रेस्टलेस काढली, तिचा थाट वेगळा, प्रकाशयोजना, देखणी माणसं, पण बेल एकेक कथा वर्ष वर्ष मुरू द्यायचा. १९८४ मध्ये त्यातल्या कॅथरीन चान्सलर करणाऱ्या जीन कूपरने खरोखरच चेहऱ्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती चित्रफीत सिरीयलीतच वापरली. त्याच सुमाराला गाइडिंग लाइटमधल्या बर्टचं काम करणाऱ्या शारिटा बाउअरचा खऱ्या आयुष्यात पाय कापावा लागला तर तेही बर्टच्या वाट्याला आलं. माणूस आणि पात्र यांच्यातली भिंत इतकी पातळ.

मावशीने पाहिली ती डग्लस मार्लंडची ॲज द वर्ल्ड टर्न्स, तो १९८५ ला आला आणि १९९३ ला वारला तोवर मुख्य लेखक होता. जुने जाणकार प्रेक्षक आजही त्याचं नाव काढतात. त्याने लेखकांसाठी काही नियम सांगितले होते, सिरीयल बघा, तिचा इतिहास शिका, प्रेक्षकांची पत्रं वाचा, नवी माणसं हळूहळू आणा, आणि मुख्य म्हणजे मूळ पात्राचा स्वभाव बदलू नका, प्रेक्षक ज्या दिवशी म्हणेल की हा माणूस असं कधीच करणार नाही त्या दिवशी लेखक नापास. माझ्या मते यात सगळं आलं. माझी मावशी टीव्हीसमोर बसून हेच म्हणायची, छे, ही असं करणारच नाही, आणि तेव्हा ती पात्रं खरंच तसं करायची नाहीत.

मग बिघडलं कुठे? एका दिवसात नाही. १९७८ मध्ये एबीसीवर जनरल हॉस्पिटल बंद पडायच्या बेतात होती, तेव्हा ग्लोरिया मॉन्टी निर्माती म्हणून आली, तिने वेग वाढवला, तरुण जोडी पुढे आणली, ल्यूक आणि लॉरा. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यांचं लग्न सुमारे ३ कोटी लोकांनी पाहिलं, हॉलीवूडची एलिझाबेथ टेलर त्यात पाहुणी होती. पण त्याच जोडीच्या कथेत आधी ल्यूकने लॉरावर बलात्कार केलाय आणि पुढे त्याचं प्रेमकथेत रूपांतर केलंय, हे मला आजही पचत नाही, आणि नंतर त्या सिरीयलीलाही या गोष्टीकडे परत यावं लागलं. त्याच वर्षी गाव गोठवून टाकणारं हवामानाचं यंत्र वगैरेही आलं. आकडे प्रचंड आले त्यामुळे सगळ्यांनी तेच उचललं, साहस, हेरगिरी, जोड्या, आणि स्वयंपाकघरातलं बोलणं मागे पडत गेलं.

गाइडिंग लाइटमध्ये मॉरीन बाउअर होती, एड डॉक्टरची बायको, बर्टनंतर त्या घराचा खांब. कुणाचं काही बिनसलं की मॉरीनच्या टेबलाशी येऊन बसायचं. जानेवारी १९९३ मध्ये नवऱ्याचं प्रकरण तिला कळतं, ती रागात गाडी घेऊन बाहेर पडते आणि अपघातात जाते. ते भाग उत्तम होते, मॉरीन करणाऱ्या एलन पार्करला त्यासाठी एमी पुरस्कार मिळाला. पण पुढे लोक कुणाकडे जाऊन बोलणार? ते घरच बसलं. मावशी अजून म्हणते की मॉरीन गेली तिथे ती सिरीयल गेली, आणि जुन्या प्रेक्षकांत हे जवळपास सगळ्यांचंच मत आहे. १९९८ मध्ये त्याच सिरीयलीत रीव्हा नावाच्या नायिकेचा चक्क क्लोन केला. दुसरीकडे डेज ऑफ अवर लाइव्ह्जमध्ये मार्लेना डॉक्टरच्या अंगात सैतान शिरला, त्याने प्रेक्षक वाढले हे खरंय, मान्य, पण मानसोपचारतज्ज्ञ बाईला पलंगावरून हवेत तरंगवल्यावर तिच्या मनाचं पुढे काय लिहिणार.

बाहेरच्या गोष्टीही होत्या. बायका नोकरीला लागल्या, दुपारी घरात कुणी नाही. केबल आलं. १९९५ मध्ये फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवरच्या खुनाच्या खटल्याचं थेट प्रक्षेपण महिनोन्महिने दुपारी चाललं, सिरीयली रद्द व्हायच्या, सवय मोडली ती मोडलीच. गप्पांचे कार्यक्रम कितीतरी स्वस्त. मग एकेक दिवा विझला, अनदर वर्ल्ड १९९९ ला, गाइडिंग लाइट १८ सप्टेंबर २००९ ला, रेडिओ धरून ७२ वर्षांनी. ऑल माय चिल्ड्रन २०११ ला, वन लाइफ टू लिव्ह २०१२ ला, या दोन्हींसाठी लोक रस्त्यावर उतरले होते.

आपल्याकडे हा वारा उशिरा आला. १९९१ नंतर स्टार प्लसवर सांता बार्बरा आणि द बोल्ड अँड द ब्युटिफुल दिसायला लागल्या, १९९४ ला दूरदर्शनवर मंदिरा बेदीची शांती आली, पुढे मराठीत प्रतीक्षा लोणकरची दामिनी, पत्रकार बाई, दीड हजाराच्या आसपास भाग. शांतीच्या वेळी आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी जिना शांत असायचा. पण आपल्याकडे खरा पैसा लवकरच रात्रीच्या वेळेला गेला, दुपारची म्हणून वेगळी लिहायची परंपरा इथे मुरायला वेळच मिळाला नाही.

एक गोष्ट फार लागते ती म्हणजे जुन्या टेप. सत्तरीच्या दशकापर्यंतचे हजारो भाग टेप पुन्हा वापरता यावी म्हणून पुसून टाकले, फिलिप्सच्या काळातलं फार थोडं उरलंय. ऐंशीनंतरचं जे आज बघायला मिळतं त्यातलं कितीतरी लोकांनी घरी व्हीसीआरवर रेकॉर्ड केलेलं, मधल्या जाहिरातींसकट, कुणाच्या टेपवर शेवटची पाच मिनिटं नाहीत कारण टेप संपली.

मावशीकडे अशा एकवीस कॅसेट आहेत, वर चिकटपट्टी लावून मराठीत तारखा. ॲज द वर्ल्ड टर्न्सचा शेवटचा भाग १७ सप्टेंबर २०१० चा, त्यात नॅन्सीचा मुलगा डॉक्टर बॉब, जो डॉन हेस्टिंग्स १९६० पासून करत होता, निवृत्त होऊन ऑफिसातून बाहेर पडतो आणि दारातून मागे बघून गुड नाइट म्हणतो. मावशीने तो भाग मुद्दाम जुन्या व्हीसीआरवर टेप केला होता. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला काढल्या, तर त्यातल्या सहा बुरशीने गेल्यात, आणि मॉरीनच्या अपघाताची कॅसेट चालतेय पण तिच्यात आवाज नाही. मावशीने ती तशीच पूर्ण बघितली आणि संवाद स्वतः म्हणाली.