अतिशीत क्वांटम थेंबांतील अशुद्धी

अतिशीत क्वांटम थेंबांतील अशुद्धी : बाहेरच्या सापळ्याविना, स्वतःच्याच बंधनाने एकत्र राहणाऱ्या अतिविरल अणुद्रवाच्या थेंबात मिसळलेला वेगळ्या जातीचा किंवा वेगळ्या आंतरिक अवस्थेतला अणू. असे अणू एकापेक्षा जास्त असले तरी यजमानाच्या, म्हणजे थेंब बनवणाऱ्या अणूंच्या, तुलनेत त्यांची संख्या नगण्य असते. संज्ञा घनस्थिती भौतिकीतली आहे आणि येथे तिचा अर्थ मळ किंवा दोष असा नाही. अशुद्धी मुद्दाम घातली जाते आणि थेंबाचे अंतरंग जाणण्याचे ती एक उत्तम साधन आहे.

क्वांटम थेंब : परस्परांना ओढणाऱ्या बोसॉनांचे (एकाच अवस्थेत कितीही संख्येने राहू शकणाऱ्या कणांचे) वायू, प्रत्येक अणूवर इतरांचा सरासरी प्रभाव धरणाऱ्या माध्य-क्षेत्र सिद्धांतानुसार, कोसळायला हवेत. भौतिकीतज्ज्ञ दमित्री पेत्रोव यांनी २०१५ मध्ये दाखवले की, दोन घटकांच्या मिश्रणातील आकर्षण प्रतिकर्षणापेक्षा किंचितच वरचढ असेल, तर ली, ह्वांग व यांग यांनी १९५७ मध्ये काढलेली क्वांटम चढउतारांची (सरासरीभोवतीच्या अटळ हालचालींची) दुरुस्ती हे कोसळणे थोपवते. आकर्षणाची ऊर्जा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर दुरुस्तीची ५/२ व्या घाताच्या. त्यामुळे एका ठरावीक घनतेला समतोल साधतो. प्रत्यक्षात असे थेंब प्रथम मिळाले ते द्विध्रुवी (छोट्या चुंबकांसारखे वागणाऱ्या) अणूंचे, २०१६ च्या सुमारास : स्टुटगार्टला डिस्प्रोसियमचे, इन्सब्रुकला अर्बियमचे. पोटॅशियम-३९ च्या दोन अवस्थांच्या मिश्रणाचे थेंब बार्सिलोना व फ्लॉरेन्स येथील गटांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. ते द्रव हीलियमपेक्षा सुमारे दहा कोटी पटींनी विरल असतात.

अशुद्धीचे स्थान : हा या विषयाचा गाभा. हीलियमच्या नॅनोथेंबांत (तापमान सुमारे ०.३८ केल्विन) अल्कली धातूंचे अणू पृष्ठभागावरच्या उथळ खळग्यात बसतात, तर अनेक रेणू थेट आत शिरतात. तेथे निर्णय होतो तो अशुद्धी व हीलियम यांच्यातील आकर्षण आणि द्रवाचा पृष्ठताण यांच्या तुलनेतून. अतिशीत थेंबात मात्र अशुद्धीची प्रत्येक यजमान घटकाशी असलेली प्रकीर्णन लांबी (दोन अणूंतील परस्परक्रियेची चिन्हासह तीव्रता सांगणारी राशी) महत्त्वाची ठरते, आणि योग्य अणू निवडल्यास ती चुंबकीय क्षेत्राने बदलता येते. दोन्ही घटकांच्या घनतांचे गुणोत्तर थेंबात जवळजवळ ठरलेले असते. म्हणून माध्य-क्षेत्र पातळीवर अशुद्धीच्या दोन्ही घटकांशी असलेल्या परस्परक्रियांच्या दोन पदांची बेरीज तेवढी पाहायची : ती ऋण आल्यास अशुद्धी आत ओढली जाते, धन आल्यास बाहेर ढकलली जाते. बेरीज शून्याजवळ आली की हे सोपे गणित अपुरे पडते आणि निर्णय चढउतारांच्या हाती जातो. पोटॅशियम-४१ व रुबिडियम-८७ यांच्या मिश्रणावरील २०२२ मधील सैद्धांतिक अभ्यासात अशुद्धी कधी केंद्रात, तर कधी थेंबाच्या पृष्ठभागावर स्थिरावते असे आढळले.

दुरुस्तीचा प्रश्न : चढउतारांचा वाटा काढण्यासाठी अशुद्धीला तिसरा घटक मानून तीन घटकांची ली–ह्वांग–यांग ऊर्जा मांडतात आणि अशुद्धीची घनता शून्याकडे नेतात. येथे एक जुनी अडचण पुन्हा समोर येते. थेंब जिथे संभवतो त्याच क्षेत्रात एकसमान मिश्रणाच्या उत्तेजनांची (त्यातील लहरींची) एक शाखा, लहान संवेगांना, काल्पनिक ऊर्जेची येते, म्हणजे मिश्रण अस्थिर ठरते, आणि एकूण ऊर्जाही संमिश्र होते. पेत्रोव यांनी ऊर्जेचा हा काल्पनिक भाग लहान म्हणून वगळला. इतरांनी बोसॉनांच्या जोड्या गृहीत धरून किंवा दुरुस्तीच्या पुढच्या पदांपर्यंत जाऊन पर्यायी मांडण्या केल्या आहेत. केवळ थेंबाची ऊर्जा हवी असेल, तर वगळणे समर्थनीय वाटते. अशुद्धीच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी, कारण ही मृदू (अल्प ऊर्जेने उत्तेजित होणारी) शाखा मुख्यतः घनतेची शाखा आहे आणि अशुद्धी घनतेशीच जोडली जाते. समतोल घनतेला दुरुस्तीसह ही शाखा वास्तव होते खरी, पण मृदूच राहते. परिणामी दुबळी अशुद्धीही भोवतालच्या द्रवाला बरेच विकृत करू शकते.

पोलॅरॉनशी नाते : स्फटिकात स्वतःभोवती विकृती ओढत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची कल्पना लेव्ह लँडाऊ यांच्या १९३३ च्या टिपणापर्यंत मागे नेतात. विकृतीसह फिरणाऱ्या अशा कणाचे पोलॅरॉन हे नाव भौतिकीतज्ज्ञ सोलोमन पेकार यांचे, १९४६ च्या सुमाराचे. बोस–आइन्स्टाइन संघनितातील (बहुतेक बोसॉन एकाच क्वांटम अवस्थेत आलेल्या वायूतील) पोलॅरॉनाचे प्रायोगिक निरीक्षण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. थेंबातील अशुद्धीलाही हेच नाव सर्रास दिले जाते. पण संघनित जवळपास अमर्याद मानता येतो. थेंब सान्त असतो, त्याला कडा असते आणि अशुद्धीमुळे त्याचा आकारही बदलतो. म्हणून लहान थेंबांसाठी ‘बद्ध अवस्था’ ही भाषा अधिक नेमकी होय.

द्विध्रुवी व एकमितीय थेंब : द्विध्रुवी थेंब चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने लांबट असतात, त्यामुळे आतील अणूला जाणवणारे विभवही दिशेप्रमाणे बदलते. डिस्प्रोसियमच्या बोसॉन थेंबातील फर्मिऑन (एका अवस्थेत एकच राहू शकणाऱ्या) समस्थानिकाचा विचार २०१८ मध्ये मांडला गेला. एका मितीत तर भूमिकाच उलटतात : दुरुस्ती आकर्षक होते आणि माध्य-क्षेत्र प्रतिकर्षक.

या विषयावरील काम मुख्यतः सैद्धांतिक आहे. तीन अणूंच्या टकरींत दोन अणूंचा रेणू बनून तिघेही निसटतात. त्यामुळे पोटॅशियमचे थेंब मिलिसेकंदांच्या मापातच विरतात, आणि अशुद्धीची ऊर्जा मोजायची तर तेवढ्या अवधीतच मोजावी लागते.